लाईट गेली नसल्याची तक्रार

वसंतरावांना हरकत घ्यायची मनापासून आवड होती. कुणाशी वैर होतं म्हणून नव्हे. निलंग्याच्या शाळेत सारी नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली आणि चुकलेल्या उत्तराखाली लाल रेघ मारायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, एवढंच. लातूरच्या सहजीवन कॉलनीत त्यांनी घर बांधलं आणि वर्षभरातच लोकांनी त्यांना कॉलनीच्या समितीचं सचिव करून टाकलं. गटार तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, नळाला पाणी आलं नाही, की लोक म्हणायचे, "सरांना सांगा, सर अर्ज टाकतील." सर अर्ज टाकायचे. नगरपालिकेतले कारकून त्यांचं अक्षर लांबूनच ओळखायचे आणि खुर्ची जरा मागे सरकवून बसायचे.

या कॉलनीत घर बांधायचं म्हणजे खाली घरमालक आणि वर बारावीची पोरं, हे ठरूनच गेलेलं होतं. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरचं नाव निकालासाठी गाजायला लागलं आणि बघता बघता किनवटपासून देगलूरपर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन इथं उतरू लागली. गल्लीला एक क्लास, क्लासला लागून खानावळ, खानावळीला लागून झेरॉक्सचं दुकान. या सगळ्याच्या मधोमध नगरपालिकेचं एक मोकळं मैदान तेवढं शिल्लक राहिलं होतं. आणि त्या मैदानामुळेच जानेवारीतल्या एका सकाळी वसंतरावांच्या दारात मृण्मयी येऊन उभी राहिली.

तिशीच्या आतबाहेरची मुलगी. नांदेडच्या एका कॉलेजात संगीत शिकवायची. पहिल्या एसटीनं निघून आली होती, शाल अजून डोक्यावरच होती.

"सर, मैदानावर दोन संध्याकाळ गाण्या-वाजवण्याचा महोत्सव करायचाय. तिकीट नाही, सगळ्यांना मोकळं. नगरपालिकेनं मैदान दिलं. पण पोलीस म्हणतात, आसपासच्या लोकांचं काय म्हणणं आहे ते कळल्याशिवाय लाउडस्पीकरचा परवाना देणार नाही. सगळे म्हणाले, तुम्हाला भेटा."

"बसा," वसंतराव म्हणाले. "चहा घ्या. नाहरकत मात्र मिळणार नाही."

त्यांनी कारणही सांगितलं. गेल्या वर्षी याच मैदानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा ऑर्केस्ट्रा झाला होता. परवाना दहापर्यंतचा, आणि मध्यरात्र उलटून गेली तरी बॉक्स दणाणत होते. वसंतरावांच्या खिडकीची काच तडकली. पाहुण्यांनी त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीचा जो उपयोग केला तो सांगण्यासारखा नव्हता. सकाळी मैदानभर पत्रावळ्या, आणि त्याच दिवशी वरच्या पोरांचा पेपर.

"ते मी ऐकलं," मृण्मयी म्हणाली. "माझा धाकटा भाऊ इथंच दोन वर्षं होता बारावीला, तुमच्या पलीकडच्या गल्लीत. डॉक्टर होतोय आता. मी त्याला विचारलं, लातुरात काय ऐकलंस? म्हणाला, दोन वर्षांत गाणं म्हणून कानावर पडलं ते मोबाईलच्या रिंगटोनचं, तेही क्लासचे सर पूर्ण वाजू द्यायचे नाहीत."

सिंधुताई, म्हणजे वसंतरावांची बायको, चहा घेऊन आल्या होत्या. त्या मनमोकळ्या हसल्या. वसंतराव हसले नाहीत, पण दुसरी खारी बिस्किटं आणायला सांगितली.

ती गेल्यावर त्यांनी हरकतींचा अर्ज लिहायला घेतला. आवाज. गाड्या लावायच्या कुठे. लोकांनी जायचं कुठे. कचरा कोण उचलणार. विद्यार्थ्यांचा अभ्यास. आणि शेवटी, त्यांच्या मते सगळ्यात जड हरकत होती ती गुणाबाईची. गुणाबाई मैदानाच्या कडेला पोरांची खानावळ चालवायची. किल्लारीकडच्या गावची बाई. भूकंपात घर गेलं, घरातली माणसं गेली, आणि मागं उरलेल्या एका पुतणीला घेऊन ती लातूरला आली होती. गेल्या वर्षीच्या ऑर्केस्ट्रात बॉक्सच्या दणक्यानं तिच्या फळीवरची भांडी थरथरायला लागली, तशी ती हातातलं लाटणं घेऊन रस्त्यावर पळत सुटली होती आणि पायरीवरून पडून गुडघा फोडून घेतला होता. वसंतरावांनी लिहिलं, 'भूकंपग्रस्त महिलेचा अशा वाद्यांना सक्त विरोध आहे.' अर्जावर क्लासवाल्या सिद्धेश्वर सरांनी वाचायच्या आधीच सही केली. त्यांच्या क्लासच्या सराव परीक्षा तोंडावर होत्या आणि रोज संध्याकाळी त्यांना गावोगावच्या बापांचे फोन यायचे.

पोलीस निरीक्षक शिवकन्या मॅडम नव्यानंच बदलून आल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि सगळ्यांना ठाण्यावर बोलवायच्या ऐवजी त्या स्वतः रविवारी मैदानावर आल्या. मंडपवाल्याकडून खुर्च्या मागवल्या, गोल करून मांडल्या आणि म्हणाल्या, "हरकत कागदावर एक असते आणि माणसाच्या तोंडून दुसरीच निघते. मला तोंडून ऐकायची आहे. सर, सुरू करा."

वसंतराव उभे राहून एकेक मुद्दा वाचू लागले. मृण्मयीची तयारी चांगली होती. गाड्या शेजारच्या शाळेच्या आवारात लागणार होत्या, मुख्याध्यापकांनी होकार दिला होता. नगरपालिकेचं फिरतं शौचालय वसंतरावांच्या भिंतीपासून शक्य तितक्या लांब उभं राहणार होतं, याला लोकांनी हसून दाद दिली. मैदान दोन्ही सकाळी तिचे विद्यार्थी झाडणार होते. मॅडम एकेक गोष्ट लिहून घेत होत्या.

मग अभ्यासाचा मुद्दा आला आणि सिद्धेश्वर सर उठले. "मॅडम, संध्याकाळचे अडीच-तीन तास म्हणजे पोरांचं सोनं आहे. एका मार्कानं पोरगं मेडिकलला मुकतं. उद्या पालक मला विचारतील, माझ्या पोराच्या अभ्यासाच्या वेळी ढोल कुणी वाजवला?"

या मुद्द्यापुढे लातुरात सहसा कुणी बोलत नाही. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सिंधुताई म्हणाल्या, "पण साडेसहाला तर लाईट जाते."

सगळे वळले.

"साडेसहाला जाते ती नऊला येते," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुठली पोरं अभ्यास करून राहिली? आमची वरची सगळी गच्चीवर बसतात. काल तर एकमेकाच्या अंगावर शेंगांची टरफलं टाकत होती. माझ्या वाळवणात पडली."

आधी एकजण हसला, मग सगळीकडे हशा पिकला, कारण प्रत्येकाच्या गच्चीवर तेच चालायचं. भारनियमनाचं वेळापत्रक तेव्हा लोकांना तोंडपाठ असायचं. सिद्धेश्वर सर म्हणाले, माझ्याकडे जनरेटर आहे. त्यावर कुणीतरी म्हणालं, हाव सर, त्याचा आवाज आम्ही रोज ऐकतो, त्याचा परवाना कुठाय? सर खाली बसले.

"म्हणजे साडेसहा ते नऊ," शिवकन्या मॅडम म्हणाल्या. "लाईट नसते तेव्हाच कार्यक्रम."

"तसंच लिहा," वसंतराव म्हणाले. "नुसती वेळ नको. 'भारनियमन चालू असेल तेव्हाच', असे शब्द घाला. नाहीतर गेल्या वर्षीसारखं वाढत जातं."

मॅडमनी तसंच लिहिलं.

शेवटी गुणाबाईचा मुद्दा. वसंतरावांनी तो जरा हळू आवाजात वाचला. ती बाई पदर सारखा करत उठली आणि त्यांच्याकडेच बघून म्हणाली, "सर, मी असं कवा म्हणले?"

"तुम्हाला त्रास झाला होता ना गेल्या वर्षी?"

"झाला की. पर मी वाजवू नका न्हाई म्हणले. मी म्हणले, सांगून वाजवा." मग ती मॅडमकडे वळली. "म्याडम, त्या दिशी पहाटं आधी आवाजच आला. खालून. कशाचा, कुटून, काय कळना. कळस्तवर सगळं झालतं. तवापासून आवाजाचं भ्या न्हाई वाटत, न सांगता आला की भ्या वाटतं. कुकरची शिट्टी मला चालती. मला ठावं असतंय ती होणार हाय."

वसंतरावांच्या हातातला कागद खाली आला. इतकी वर्षं ते तिच्या खानावळीवरून जात होते, पण भूकंपाविषयी तिला विचारायचं धाडस त्यांना झालं नव्हतं; तिच्या वतीनं लिहिणं सोपं होतं.

"मग काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"वाजवायच्या आधी मला इचारावं," गुणाबाई म्हणाली. "मी हो म्हणले की वाजवावं."

मॅडमनी मृण्मयीकडे पाहिलं. मृण्मयीनं मान हलवली. मॅडमनी तेही लिहिलं. मग पेनाला टोपण लावता लावता त्या म्हणाल्या, "आणि माझी स्वतःची एक अट. आवाज किती असावा हे आयोजकांना ठरवू देणार नाही. दोन्ही दिवस मशीनपाशी वसंतराव सर बसतील. बटण त्यांच्या हातात."

"मी?" वसंतराव म्हणाले. "मी तर हरकतदार आहे."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

नाही म्हणावं तर हरकत पोकळ ठरत होती. वसंतरावांनी होकार दिला आणि घरी येऊन कागदावर कसल्याशा आकृत्या काढत बसले. सिंधुताईंनी रात्री त्यांच्या आवडीची शेंगाभाजी केली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "बॉक्स जमिनीवर ठेवतात, तीच मुळात चूक आहे."

"मग कुठं ठेवायचे?"

"दाखवतो."

महोत्सवाच्या आदल्या दुपारी आवाजाची चाचणी झाली. निलंग्याच्या पुढं, सीमेलगतच्या गावचं ढोल-सनईचं पथक टेम्पोनं आलं. त्यांचा म्होरक्या मडिवाळप्पा, पांढऱ्या मिशांचा उंच माणूस, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. वसंतरावांनी मंडपवाल्याकडून ट्रकचे जुने टायर मागवले होते. टायरवर वाळूची पोती आणि पोत्यांवर बॉक्स, असं त्यांनी स्वतः उभं राहून रचून घेतलं. "हादरा जमिनीतून जातो," ते मशीनवाल्याला समजावत होते. "मधे रबर आणि वाळू घातली की तिथंच मुरतो." मग ते घरोघर हिंडले. कुणाच्या देवघरात, कुणाच्या माळ्याखाली उभे राहून कान देत, ताटाळ्यातल्या ताटांना बोट लावून बघत. तीन-चार ठिकाणांहून येऊन त्यांनी आवाज कमी करायला लावला आणि एकदा चक्क वाढवायला.

ढोल मात्र माईकशिवायच वाजायचा होता. मडिवाळप्पा तो घेऊन गुणाबाईच्या खानावळीसमोर आला आणि जमिनीवर उभा ठेवला.

"अव्वा," आईला मारावी तशी कानडी हाक मारून तो म्हणाला, "हे बघ. ह्येच वाजतंय. दुसरं काय नाय."

गुणाबाईनं आधी लांबूनच पाहिलं. मग जवळ येऊन ढोलाच्या कातड्यावर तळवा ठेवला. मडिवाळप्पानं दुसऱ्या बाजूनं बोटानं हलकेच टिचकी मारली. तिनं हात काढला नाही. त्यानं जरा जोरात मारली.

"हितनं हितं येतंय व्हय," ती म्हणाली, तळव्याकडं बघत.

"हितनंच."

"मी मारू का एक?"

त्यानं टिपरू तिच्या हातात दिलं. भाकरी थापून थापून तिच्या मनगटात बळ भरपूर होतं. तिनं असा दणका दिला की समोरच्या झेरॉक्सवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढली. गुणाबाई स्वतःच दचकली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. वसंतराव रस्त्याच्या पलीकडे उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बॉक्सकडं गेले.

पहिल्या संध्याकाळी बरोबर वेळेवर लाईट गेली. कॉलनी अंधारात बुडाली आणि मैदानावरचे दिवे लागले. त्यांच्यासाठीचा जनरेटर पाण्याच्या टाकीमागे लांब ठेवला होता. खाली सतरंज्यांवर म्हातारीकोतारी, बायका, लहान पोरं. आणि चारी बाजूंच्या गच्च्यांवर बारावीची फौज, कुणाच्या अंगावर चादर, कुणाच्या कानाला मफलर. नांदेडहून आलेल्या मुलींनी गाणं सुरू केलं. वसंतराव मशीनवाल्याच्या शेजारी लोकरी टोपी घालून ताठ बसले होते. आवाजाचा खुंटा त्यांनी चाचणीत ठरवलेल्या खुणेवर आणून ठेवला होता आणि त्याच्यावर बोट ठेवूनच बसले होते.

थोड्याच वेळात तक्रारी यायला लागल्या. पहिली तक्रार उत्तरेकडच्या गच्चीवरून, ओरडून: "आवाज वाढवा, काही ऐकू येईना." दुसरी तिसऱ्या गल्लीतले एक निवृत्त तलाठी स्वतः चालत घेऊन आले. त्यांचं म्हणणं, पहिल्या गल्लीला गाणं आणि तिसऱ्या गल्लीला नुसती कुजबुज, हा अन्याय आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना तक्रारी देत आलेल्या वसंतरावांना आपल्याकडे आलेली तक्रार घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी तलाठ्यांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि केसभर आवाज वाढवला. मग तिसऱ्या गल्लीत जाऊन स्वतः ऐकून आले.

गाणं संपलं आणि ढोल-सनईचं पथक उभं राहिलं. लोक सरसावून बसले. मडिवाळप्पानं टिपरू हातात घेतलं, पण वाजवेना. तो इकडंतिकडं बघत होता. पुढच्या रांगेत गुणाबाईसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती, आणि तिनं हात वर करून हो म्हटल्याशिवाय ढोल वाजवायचा नाही असं ठरलं होतं.

वसंतराव उठले आणि तडक खानावळीकडं गेले. आत कंदिलाच्या उजेडात गुणाबाई परातीपुढं बसली होती.

"अहो, सगळं मैदान तुमच्यासाठी थांबलंय."

"ह्या एवढ्या भाकरी राहिल्यात, सर. पोरं नऊला जेवायला येतील. गार भाकरी खातील का लेकरं?"

"तव्यावरची मी बघतो."

"तुमी करपवाल," ती म्हणाली, आणि शांतपणे शेवटची भाकरी थापून, भाजून, टोपलीत टाकून मगच उठली. तोवर वसंतराव दारात उभे राहिले. पीठ लागलेल्या हातांनीच ती मैदानावर आली, खुर्चीवर बसली, आजूबाजूला पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि उजवा हात वर केला.

ढोल वाजला. नुसता कानात नाही, छातीत वाजला. वसंतरावांनी ढोलाकडं पाहिलंच नाही, ते गुणाबाईकडं बघत होते. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळलेला होता, पण ती बसून होती. हळूहळू दांडीवरची बोटं सैल झाली. मग वाऱ्यानं पदर उडाला म्हणून तिनं उजवा हात खाली घेतला, आणि त्या क्षणी ढोल, सनई, झांजा, सगळं एकदम बंद पडलं.

मडिवाळप्पा तिच्याकडं बघत उभा होता.

"का वं थांबला?" गुणाबाईनं विचारलं.

"तूच हात खाली केला, अव्वा."

तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. मग मडिवाळप्पाकडं. मग सावकाश हात वर केला. ढोल सुरू. खाली केला. बंद. तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते गच्चीवरच्या पोरांनाही दिसलं असावं, कारण चारी बाजूंनी टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. पुढं कितीतरी वेळ तो खेळ चालला. गुणाबाई हात वर करायची, खाली करायची, मधेच अर्धा करून त्यांना बुचकळ्यात टाकायची, आणि ते दणकट वाजंत्री तिच्या पीठ लागलेल्या बोटांकडं डोळे लावून उभे असायचे. बाजूच्या खुर्चीवर शिवकन्या मॅडम डोळे पुसून पुसून हसत होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी घोटाळा झाला. लाईट गेलीच नाही.

साडेसहा वाजून गेले. कॉलनीतले दिवे लख्ख जळत होते, घराघरातून टीव्हीचे आवाज येत होते. मंचावर मृण्मयी तंबोरे लावून बसली होती; आज तिचं स्वतःचं गाणं होतं. सतरंज्या भरल्या होत्या. गच्च्या मात्र रिकाम्या. लाईट असल्यामुळे घरमालकांनी पोरांना खोल्यांत पाठवलं होतं आणि पोरं पुस्तकं हातात धरून खिडक्यांतून मैदानाकडं बघत उभी होती.

सिद्धेश्वर सर मोटारसायकलवरून आले. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, परवान्यात काय लिहिलंय? भारनियमन चालू असेल तेव्हाच. आज लाईट आहे. पोरं अभ्यासाला बसू शकतात. मग कार्यक्रम कसा होणार?"

शिवकन्या मॅडमनी परवाना काढला, वाचला आणि वसंतरावांकडं पाहिलं. "सर, हे शब्द तुम्हीच घालायला लावले होते."

वसंतरावांनी मान वळवली. मंचावर मृण्मयी तंबोऱ्यावर हात ठेवून त्यांच्याकडंच बघत होती. गळ्याशी शाल घट्ट लपेटलेली. चार दिवस ती गरम पाण्याशिवाय दुसरं काही पीत नव्हती, हे सिंधुताईंनी त्यांना सांगितलं होतं. अट चुकीची नव्हती. अट बरोबर होती, लाईट चुकीची होती. आणि चुकीच्या गोष्टीचं काय करायचं ते वसंतरावांना चांगलं ठाऊक होतं.

ते घरी गेले आणि सबस्टेशनला फोन लावला.

"सहजीवन कॉलनीतून बोलतोय. तक्रार आहे."

"लाईट गेली का?" पलीकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला.

"गेली नाही. हीच तक्रार आहे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, काय म्हणून राहिले तुम्ही?"

"वेळापत्रकाप्रमाणे साडेसहाला आमची लाईट जायला पाहिजे. अजून गेलेली नाही. का गेली नाही?"

"अहो, तुमच्या कॉलनीत गाण्याचा प्रोग्राम हाय म्हणून आजच्या दिवस चालू ठेवली. आम्हाला वाटलं, लोक खूश होतील."

"लोकांची अडचण झालीय. ताबडतोब घालवा."

"असं तोंडी न्हाई करता येत. उद्या कुणी म्हणलं, का घालवली, तर? लेखी द्या."

'लेखी' हा शब्द ऐकताच वसंतरावांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी उभ्याउभ्या अर्ज लिहिला. विषय: लाईट गेली नसल्याबाबत. मग बाहेर आले तर सिद्धेश्वर सर मोटारसायकल चालू करून उभे.

"बसा मागं," सर म्हणाले. "मी नियमाच्या बाजूचा माणूस आहे. नियमानं लाईट गेली तर माझं काही म्हणणं नाही." मग गाडी गल्लीतून वळवताना मान न वळवता म्हणाले, "काल गच्चीवरून मीही थोडं ऐकलं. सनई बरी होती."

सबस्टेशनवरच्या माणसानं अर्ज दोनदा वाचला. आतल्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावून त्यालाही वाचायला दिला. "बारा वर्षं झाली नोकरीला," तो म्हणाला, "असा अर्ज पहिल्यांदा बघून राहिलो." वसंतरावांनी त्याच्याकडून पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. तेवढं झाल्याशिवाय ते हलणार नव्हते.

परतताना मैदान अजून एक वळण लांब होतं तेव्हा पुढची सगळी कॉलनी एका झटक्यात काळी झाली. आणि त्या अंधारातून असा जल्लोष उठला, की सिद्धेश्वर सरांनी ब्रेक दाबला. जिन्यांवरून धडधडत पावलं वर पळत होती. दिवे गेल्यावर लोकांनी कपाळाला हात लावलेला वसंतरावांनी आजवर पाहिला होता. टाळ्या वाजवलेल्या ऐकल्या त्या आजच.

मृण्मयीनं डोळे मिटले आणि पहिला स्वर लावला. वसंतराव धापा टाकत मशीनपाशी येऊन बसले आणि सवयीनं खुंट्यावर बोट ठेवलं. मृण्मयीचा आवाज आधी जरा कापला, मग स्थिर झाला. काल टारगटपणा करणारी पोरं आज कठड्यांवर हनुवट्या टेकवून बसली होती. गावाकडं आई-बाप, इथं पेट्या आणि वह्या, आणि डोक्यावर एका एका मार्काचं ओझं. तिच्या गाण्यात असं काही होतं, की थोडा वेळ आपल्याला कुणी काही विचारत नाही असं त्या सगळ्यांना वाटावं. वसंतरावांना कळलं नाही केव्हा, पण खुंट्यावरचं बोट त्यांनी काढून घेतलं होतं आणि हात मांडीवर ठेवला होता. सिद्धेश्वर सर मोटारसायकल स्टँडवर लावून तिच्यावरच बसून राहिले होते. त्यांचा फोन खिशात दोनदा वाजला, दोन्ही वेळा त्यांनी तो न बघताच बंद केला.

नऊला लाईट आली. लोक डोळे मिचकावत एकमेकांकडं बघायला लागले, जणू कुणीतरी झोपेतून उठवलं होतं. पोरं खाली उतरून गुणाबाईकडं जेवायला पळाली.

दुसऱ्या दिवशी मैदान झाडून झाल्यावर वसंतराव मृण्मयीला स्कूटरवरून बसस्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी लागायला अवकाश होता. दोघं बाकावर बसून चहा पीत होते.

"सर, पुढच्या वर्षी करायचा म्हटलं तर समितीची हरकत असेल?" तिनं विचारलं.

"असेल ना," वसंतराव म्हणाले. "दोनच दिवस का, अशी पहिली हरकत. तलाठी तर तिसऱ्या गल्लीत मंच पाहिजे म्हणतोय, त्याच्याशी मला भांडावं लागेल. आणि पोरी, तू गायला लागलीस की माईक फार जवळ घेतेस. श्वास ऐकू येतो."

"काही लोकांना तो आवडतो, सर."

वसंतरावांनी यावर थोडा विचार केला. "असेल," ते म्हणाले. गाडी लागली. त्यांनी तिची हार्मोनियमची पेटी उचलून आत चढवली, सामानाच्या फळीवर नको म्हणाले, हादरे बसतात, आणि शेजारच्या सीटवर स्वतःचा मफलर अंथरून पेटी त्याच्यावर ठेवली. कंडक्टर म्हणाला, पेटीला सीट देता येणार नाही. त्यावर वसंतरावांनी खिशातून पेन काढलं. पण मग काय वाटलं कुणास ठाऊक, पेन परत खिशात ठेवलं, पेटीचं अर्धं तिकीट काढलं आणि खाली उतरून गाडी सुटेपर्यंत हात हलवत उभे राहिले.